नवी आज्ञावली, जुनी दप्तरे

कचेरीचे दप्तर एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवायचे झाले, तर पूर्वीचे कारकून आधी यादी करीत, रुमाल मोजीत, नव्या खोलीत ते पुन्हा मोजून घेत आणि मगच जुन्या खोलीला कुलूप लावीत. त्या व्यवस्थेत वेळ फार जाई हे खरे. पण देणाराही जबाबदार राही आणि घेणाराही. आज दप्तर संगणकात गेले आहे. रुमाल डोळ्यांना दिसत नाहीत, खोलीचा ठावठिकाणा सामान्य माणसाला ठाऊक नाही, आणि हलवाहलव बहुधा एखाद्या शनिवारी रात्री उरकली जाते. सोमवारी सकाळी खिडकीपाशी गेलेल्या माणसाला 'सर्व्हर बंद आहे, उद्या या' एवढेच ऐकावे लागते. यंत्रे बदलली याबद्दल आमची तक्रार नाही. यंत्रांबरोबर मोजून देण्याघेण्याची शिस्तही गेली, याची चिंता मात्र वाटते.

या चिंतेचा विचार आम्ही संकेश्वरच्या संदर्भात करीत आहोत, आणि त्यास कारण आहे. ज्या हिरण्यकेशीचा उगम आंबोलीस होतो, तिच्याच काठी हे गाव वसले आहे. बांदा-सावंतवाडीहून आंबोली घाट चढून आजरा-गडहिंग्लजमार्गे जाणारी वाट येथेच पुणे-बेंगळुरू महामार्गाला मिळते. शंकराचार्यांच्या करवीर-संकेश्वर पीठामुळे गावाचे नाव दूरवर परिचित आहे; इथली मिरची व हिरण्यकेशी सहकारी साखर कारखाना यांमुळे ते बाजारपेठेतही आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने हे गाव बेळगाव जिल्ह्यातील हुक्केरी तालुक्यात मोडते. घरात मराठी, बाजारात मराठी व कानडी दोन्ही, आणि कचेरीत केवळ कानडी, असा येथील अनेक कुटुंबांचा दिनक्रम आहे. अशा ठिकाणी जमिनीच्या नोंदीचे एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर ते दुरुस्त करून घेणे इतर ठिकाणांपेक्षा अधिक अवघड जाते. म्हणूनच संगणकातील माहितीकोशाची आज्ञावली बदलणे हा वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारा विषय येथे थेट शेतकऱ्याच्या बांधापर्यंत जाऊन पोहोचतो.

या भागातील दप्तराने आजवर किती स्थलांतरे पाहिली, याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. मुंबई इलाख्याच्या काळात गावदप्तर मोडीत लिहिले जाई. पुढे मोडी मागे पडली आणि बाळबोध आली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होऊन बेळगाव जिल्हा त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि कालांतराने दप्तराची भाषा व लिपी कानडी झाली. त्यानंतर कर्नाटक शासनाच्या 'भूमी' योजनेखाली हेच दप्तर संगणकात चढले. म्हणजे एकाच शेताची, एकाच कुटुंबाची नोंद मोडीतून बाळबोधीत, बाळबोधीतून कानडीत, आणि हस्तलिखितातून संगणकात अशी फिरत आली. प्रत्येक वळणावर नक्कल करणारा हात वेगळा होता. आजोबांचे नाव एका ठिकाणी एक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे, असे जे घोळ आज निस्तरावे लागतात, त्यांपैकी अनेकांचे मूळ या वळणांवर सापडते.

'भूमी' योजनेचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. संगणकीकरणाचा विचार केंद्र सरकारने १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू केला, त्यात महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. बहुतेक राज्यांत हे काम रेंगाळले. कर्नाटकाने मात्र नव्वदीच्या अखेरीस ते मनावर घेतले, आणि राज्यातील सर्व १७७ तालुक्यांत मिळून सुमारे ६७ लाख खातेदारांचे दोन कोटींच्या घरातील उतारे संगणकात नोंदवून काढले. पंधरा रुपये भरले की खिडकीवर उतारा मिळू लागला. फेरफाराचे अर्ज आल्या क्रमाने निकाली काढण्याचे बंधन आले, आणि नोंदीत हात घालणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशाने पटवली जाऊ लागली. उताऱ्यासाठी तलाठ्याच्या दाराशी हेलपाटे घालण्याचा आणि त्याचे हात ओले करण्याचा जाच यामुळे पुष्कळ कमी झाला, हे कोणीही निःपक्षपाती माणूस मान्य करील.

परंतु या सुधारणेच्या पोटात एक मोठी जबाबदारीही होती. संगणकीय उतारा सुरू झाला त्या त्या तालुक्यात हस्तलिखित उतारा कायद्याने रद्दबातल ठरवण्यात आला. दोन वह्या समांतर चालू ठेवल्या, तर गैरव्यवहाराला वाव राहतो. तेव्हा तो निर्णय योग्यच होता. मात्र ज्या दिवशी शासनाने नागरिकाच्या हातातील दुसरा पुरावा काढून घेतला, त्या दिवशी उरलेला एकमेव पुरावा अखंड, अचूक आणि उपलब्ध ठेवण्याचे ऋण शासनाने आपल्या शिरावर घेतले. आज त्याच नोंदीवर 'फ्रूट्स' या शेतकरी-नोंदणीचा क्रमांक, पीककर्ज, पीकविमा आणि हमीभावाने खरेदी इतक्या गोष्टी अवलंबून आहेत. २०२४ पासून उताऱ्याला आधार क्रमांक जोडण्याची मोहीमही चालली. एका नोंदीतील चूक पूर्वी एका वहीत राही. आता ती पाच-दहा ठिकाणी एकाच वेळी उमटते.

आता आज्ञावली बदलण्याच्या प्रश्नाकडे वळू. संकेतस्थळावर आपल्याला दिसतो तो केवळ दर्शनी भाग. त्यामागे माहिती साठवणारी, शोधून देणारी आणि दोन माणसे एकाच वेळी एकच नोंद बदलू पाहतील तर त्यांना आवरणारी एक स्वतंत्र आज्ञावली असते. तिलाच डेटाबेस म्हणतात. तिला माणसासारखेच वय असते. 'मायएसक्यूएल' या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीची ५.७ ही आवृत्ती २०१५ मध्ये आली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिची देखभाल संपली, त्यानंतरच्या ८.० या आवृत्तीला ठरवून दिलेली मुदत एप्रिल २०२६ ची. 'पोस्टग्रेस' दरवर्षी नवी आवृत्ती काढते आणि प्रत्येकीला पाच वर्षे सांभाळते. मायक्रोसॉफ्टच्या 'एसक्यूएल सर्व्हर २०१४' चा आधार जुलै २०२४ मध्ये सुटला. मुदत संपली म्हणजे आज्ञावली बंद पडते असे नव्हे. ती चालूच राहते, पण तिच्यातील भगदाडे बुजवणारा कोणी उरत नाही, आणि ती भगदाडे कोठे आहेत हे चोरांना मात्र कळलेले असते. तेव्हा 'चालले आहे ते चालू द्या' हा पर्याय सुरक्षित नाही. बदल अटळ आहे. वाद आहे तो बदल कसा करावा, याविषयी.

यातील पहिला धोका अक्षरांचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी भारतीय लिपींसाठी प्रत्येकाने आपापली युक्ती वापरली. कोणी सी-डॅकचे 'जिस्ट' तंत्र वापरले, कोणी खासगी टंक वापरले. अनेक जुन्या संकेतस्थळांनी देवनागरी वा कानडी मजकूर इंग्रजी अक्षरांसाठी केलेल्या कप्प्यांत कोंबून ठेवला. जुनी आज्ञावली तो जसा घेई तसाच परत देई, म्हणून घोटाळा कोणाच्या ध्यानी येत नसे. नवी आज्ञावली मात्र त्या कप्प्यांचा अर्थ आपल्या नियमाने लावते, आणि पडद्यावर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. रूपांतर करताना ती प्रश्नचिन्हेच साठवली गेली, तर मूळ नाव परत मिळवण्याचा मार्ग उरत नाही.

दुसरा धोका याहून फसवा आहे. मोठ्या वहीच्या शेवटी नावांची सूची असते, तशीच डेटाबेसलाही असते, आणि ती वर्णक्रमावर उभी असते. हा वर्णक्रम ठरवणारे नियम खालच्या प्रणालीकडून येतात. २०१८ मध्ये लिनक्सच्या एका मूलभूत ग्रंथालयाने ते नियम बदलले. ज्यांनी खालची प्रणाली बदलली पण सूची नव्याने बांधली नाही, त्यांच्याकडे नोंद जागेवर असूनही शोधल्यावर सापडेना, आणि जेथे एकच नोंद असावयास हवी तेथे दुसरी घुसू शकली. कोठेही धोक्याची घंटा वाजत नाही. कारकून शोधतो, पडदा 'नोंद नाही' म्हणतो, आणि कारकून तेच वाक्य समोरच्या शेतकऱ्याला ऐकवतो.

तिसरा धोका नव्या आज्ञावलीच्या काटेकोरपणाचा. जुन्या नोंदींत जेथे तारीख माहीत नसे तेथे शून्ये भरली जात. नव्या आवृत्त्या, मुद्दाम सवलत दिल्याखेरीज, अशी शून्य तारीख स्वीकारीत नाहीत. मग घाईत असलेला तंत्रज्ञ काहीतरी सोयीची तारीख सरसकट भरून मोकळा होतो. एके काळी शाळामास्तरांनी अर्ध्या गावाचा जन्म १ जूनचा करून टाकला, त्यातलाच हा प्रकार. फरक एवढाच की, मास्तरांच्या १ जूनने फार तर निवृत्तीचा दिवस हलला. वारसाच्या किंवा फेरफाराच्या नोंदीतील बनावट तारखेने हक्कच हलू शकतो. 'माहीत नाही' ही देखील एक माहिती आहे, आणि ती तशीच जपली पाहिजे.

चौथी गोष्ट परतीच्या वाटेची. मायएसक्यूएल ५.७ वरून ८.० वर गेल्यावर जागच्या जागी मागे फिरता येत नाही. बदलापूर्वी घेतलेली प्रत हीच परतीची एकमेव वाट. आणि प्रत घेतली आहे असे वाटणे व ती प्रत खरोखर उघडणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. २०१७ च्या जानेवारीअखेर 'गिटलॅब' या नामांकित कंपनीत एका तंत्रज्ञाच्या हातून चालू डेटाबेस पुसला गेला. त्या वेळी असे आढळले की, प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. योगायोगाने घेतलेल्या सहा तास जुन्या प्रतीवर निभावले. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातील देजॉन येथील सरकारी माहितीकेंद्राला आग लागली, आणि शासकीय कर्मचाऱ्यांच्या कामाच्या ८५८ टेराबाइट फायली जळाल्या, कारण त्या साठ्याची दुसरी प्रत बाहेर ठेवलेलीच नव्हती. ब्रिटनमध्ये 'टीएसबी' या बँकेने एप्रिल २०१८ मध्ये सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या प्रणालीवर नेली. माहिती पोहोचली, पण प्रणाली भार पेलू शकली नाही. सुमारे १९ लाख ग्राहक आपल्याच खात्याबाहेर अडकले, आणि कारभार पूर्ववत व्हायला वर्षअखेर उजाडली. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये तेथील नियामकांनी त्या बँकेस ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड ठोठावला.

ही उदाहरणे धनाढ्य आणि निष्णात संस्थांची आहेत. तेथे हे घडते, तर तालुका कचेरीच्या खिडकीवर काय घडू शकेल याचा अंदाज करता येतो. कर्नाटकातच दस्त-नोंदणीची 'कावेरी २.०' ही नवी प्रणाली २०२३ मध्ये राज्यभर लागू झाली. ती सोयीची ठरली. पण २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ती वारंवार कोलमडली आणि दस्तांची कामे खोळंबली. बाहेरून खोट्या विनंत्यांचा मारा करून हा अडथळा आणला गेल्याचे शासनाचे म्हणणे होते. कारण कोणतेही असो, ज्याने कर्ज काढून जमिनीचा व्यवहार ठरवला होता आणि मुद्रांकाचे पैसे भरले होते, त्याच्या दृष्टीने परिणाम एकच.

संकेश्वर-निपाणी पट्ट्यात या साऱ्यावर भाषेचा आणखी एक थर चढतो. 'देसाई' हे आडनाव कानडीत 'देसायि' असेही लिहितात. 'पाटील' मधला शेवटचा ल कोणी पाय मोडून लिहितो, कोणी सबंध. वाचणाऱ्या माणसाला ही नावे एकच वाटतात, संगणकाला ती दोन वाटतात. खुद्द मराठीतही 'गोऱ्हे' मधले 'ऱ्ह' युनिकोडमध्ये दोन वेगळ्या प्रकारांनी साठवता येते. डोळ्यांना फरक दिसत नाही, यंत्राला दिसतो. उताऱ्यावरील कानडी नाव आणि आधारपत्रावरील रोमन नाव यांचा मेळ घालताना असे कित्येक काटे मध्ये येतात. ज्याला कचेरीची लिपी वाचता येत नाही, त्याला आपले नाव बिघडले आहे हेच मुळी कळत नाही. कळते ते कर्ज नामंजूर झाल्यावर.

येथे सीमावादाचा निवाडा करण्याचा आमचा हेतू नाही. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला आहे, आणि तो त्याच्या मार्गाने जाईल. परंतु राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने प्रत्येक नागरिकास केंद्रात वा राज्यात प्रचलित असलेल्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे मांडण्याचा अधिकार दिला आहे. त्याचा निदान एवढा तरी अर्थ व्हावा की, नोंद बिघडलेल्या मराठी शेतकऱ्याला मराठीत अर्ज करता यावा, आणि उताऱ्यावर त्याचे नाव कानडीबरोबर त्याच्या स्वतःच्या लिपीतही छापून मिळावे. आज्ञावली नवी होतच असेल, तर एक स्तंभ वाढवणे हे तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ काम आहे. त्याने कानडीचे काहीही उणे होत नाही. उलट शासनाच्याच नोंदीतील चुका शोधणारे हजारो डोळे त्याला फुकट मिळतात.

हे सारे घाटापलीकडचे आहे असे गोमंतकीय वाचकाने समजू नये. आपल्याकडे तर एकाच घराण्याचे नाव पोर्तुगीज दप्तरात 'पोरोबो', शाळेच्या दाखल्यात 'प्रभू' आणि मतदारयादीत तिसरेच, असा प्रकार घरोघर आहे. सिनाय आणि शेणई, कामोतीं आणि कामत यांची गाठ घालता घालता वकिलांच्या दोन पिढ्या म्हाताऱ्या झाल्या. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापरासही मान्यता मिळाली. पण एक-चौदाच्या उताऱ्याशी ज्याला रोज झुंजावे लागते, त्याला विचारावे की आपले नाव आपल्या लिपीत त्याने कितीदा पाहिले. जुन्या दप्तरांतील बनावट कागदांच्या आधारे दुसऱ्यांच्या जमिनी लाटल्याची प्रकरणे बाहेर आली, तेव्हा २०२२ मध्ये गोवा शासनाला विशेष तपासपथक नेमावे लागले. मालक परदेशी, वारस विखुरलेले, आणि नोंदीकडे कोणाचे लक्ष नाही, हेच त्या लुबाडणुकीचे भांडवल होते. कागदी दप्तरात जे घडले, ते संगणकीय दप्तरात घडणार नाही अशी हमी केवळ यंत्रे देऊ शकत नाहीत. स्थलांतराच्या गडबडीत बदललेली एक नोंद शोधून काढणे कागदावरील खाडाखोड ओळखण्याहून कठीण असते, कारण पडद्यावर खाडाखोड दिसतच नाही.

शासनाला सांगताना लहान संस्थांनाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. पतसंस्था, वाचनालये, देवस्थान समित्या, शिक्षणसंस्था यांनी गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपापली संकेतस्थळे उभारली. बहुधा एखाद्या ओळखीच्या तरुणाने ती बांधून दिली, जागा भाड्याने घेतली गेली, आणि पुढे तो तरुण पुण्या-बेंगळुरूस निघून गेला. जागा भाड्याने देणारी कंपनी एके दिवशी कळवते की अमुक तारखेपासून जुनी आवृत्ती बंद. ते पत्र ज्या पत्त्यावर जाते, तो पत्ता कोणी उघडतही नाही. सभासदांची यादी, देणगीदारांची नोंद, ग्रंथांची सूची असे वर्षानुवर्षांचे धन अशा न वाचलेल्या पत्रामुळे धोक्यात येते. घर भाड्याचे असले, तरी आतली तिजोरी आपली असते, हे कार्यकारिणीने विसरू नये. सर्व माहितीची एक प्रत आपल्या कपाटात, आणि त्या प्रतीच्या किल्ल्या किमान दोन पदाधिकाऱ्यांकडे, एवढा ठराव पुढील वार्षिक सभेत करायला पैसा लागत नाही.

मग करावे काय? उपाय नवे नाहीत. जुन्या कारकुनांना ते ठाऊक होते. पहिला उपाय, बदल आधी नकलेवर करून पाहावा, मूळ दप्तरावर नव्हे. दुसरा, प्रत घेऊन थांबू नये. ती दुसऱ्या यंत्रावर उघडून, चार उतारे काढून, खरी आहे याची खात्री लेखी नोंदवावी. तिसरा, आधी आणि नंतर मोजदाद व्हावी. खातेदार किती, गट किती, एकूण क्षेत्र किती, हे आकडे गावनिहाय जुळले पाहिजेत, आणि जुळल्याचा तक्ता प्रसिद्ध झाला पाहिजे. चौथा, हंगाम पाहून मुहूर्त काढावा. पेरणीच्या तोंडावर पीककर्जाची गर्दी असताना नव्हे. बंद राहण्याचे दिवस गावात दवंडी देऊन आगाऊ कळवावेत, आणि त्या काळात संपलेल्या मुदतींना आपोआप वाढ मिळावी. पाचवा, स्थलांतरानंतर आढळलेली चूक ही शासनाची चूक मानून ती विनामूल्य व ठरलेल्या दिवसांत दुरुस्त करावी. शेतकऱ्याला प्रतिज्ञापत्रे आणि वकील करायला लावू नये.

सहावा उपाय सर्वांत साधा आहे, आणि तो महाराष्ट्राने करूनही पाहिला आहे. हस्तलिखित व संगणकीय सातबारा यांचा मेळ घालताना तेथे २०१७ मध्ये चावडीवाचनाची मोहीम घेण्यात आली. गावकऱ्यांना बोलावून उतारे मोठ्याने वाचून दाखवायचे आणि ज्याचे चुकले असेल त्याने तेथल्या तेथे सांगायचे, असा तो परिपाठ. त्यानंतर १ मे २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. सर्व चुका त्याने संपल्या असे कोणी म्हणणार नाही. पण आपले दप्तर आपल्यासमोर वाचले गेले, हा विश्वास कोणत्याही आज्ञावलीने निर्माण होत नाही. हुक्केरी तालुक्यात असे वाचन कानडी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत झाले, आणि आपल्या पेडणे-काणकोणात एक-चौदाचे वाचन पंचायतीच्या ओट्यावर झाले, तर त्यासाठी ना नवे यंत्र लागेल, ना नवा निधी.

आज्ञावल्या दर पाच-सात वर्षांनी बदलतच राहणार. आज जी अद्ययावत म्हणून मिरवते, ती उद्या मोडीसारखी अनोळखी होईल. या अखंड स्थलांतरात शेतकऱ्याला स्वतःच्या नावाचा माग काढीत हिंडावे लागता कामा नये. नोंद तिच्या धन्यापर्यंत सुखरूप नेऊन पोहोचवण्याचे काम दप्तर सांभाळणाऱ्याचे आहे, आणि पुढच्या वेळी संगणकाची कळ दाबण्यापूर्वी संबंधित शासनांनी त्याचा लेखी हिशेब लोकांपुढे ठेवावा, एवढीच आमची मागणी आहे.